घरच्या जुन्या टेपला मोबाइल जोडताना

दिवाळीची सफाई निघाली की मला हमखास दोन-तीन फोन येतात. माळ्यावरून जुना टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेला सेट, निघालेला असतो, कोणाच्या मामाने कुवेतवरून आणलेला, कोणाच्या बाबांनी नागपूरच्या बर्डी बाजारातून हप्त्याने घेतलेला, आणि प्रश्न एकच असतो की भाऊ, याला मोबाइल कसा जोडू, पिन कुठे लावू. मी उलट विचारतो, लाइटला लावला का? बहुतेक वेळा उत्तर येते, हो ना, लावला, थोडा वास आला मग बंद केला. म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवून राहिलो. मोबाइल जोडणं दहा मिनिटांचं काम आहे पण ते करंट आणि सेल तपासल्यावरच करायचं, आणि सेटला एकही नवीन भोक न पाडता करायचं.

तर आधी करंट. सेट उलटा करून मागे बघा, बाहेरून आलेल्या सेटवर एक छोटा गोल किंवा सरकणारा स्विच असतो, त्यावर ११०-१२७ / २२०-२४० असं काही लिहिलेलं असते आणि नाण्याने किंवा पेचकसने फिरवायचा असतो. तो ११० वर असला आणि तुम्ही आपल्या २३० व्होल्टला पिन लावली की ट्रान्सफॉर्मर गेला समजा, आणि त्या मापाचा ट्रान्सफॉर्मर आता शोधून मिळणं महाकठीण. काही सेट फक्त जपानसाठी बनलेले असतात, त्यावर नुसतं १०० व्होल्ट लिहिलेलं असते, स्विच वगैरे काही नाही. अशाला बाहेरून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावाच लागते, दुसरा रस्ता नाही. अशा जपानी सेटची आणखी एक ओळख म्हणजे एफएमची पट्टी ७६ पासून सुरू होऊन ९० ला संपते, आपल्यासारखी ८८ ते १०८ नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे.

मग सेलचा डबा उघडा. मोठे सेल आत विसरलेले असले तर स्प्रिंगवर एकतर पांढरी पूड असते नाहीतर हिरवट गंज. अल्कलाइन सेल फुटला असेल तर कापसाच्या काडीवर थोडंसं व्हिनेगर घेऊन पुसा, जुने साधे लाल-निळे सेल फुटले असतील तर पाण्यात खायचा सोडा कालवून त्याने पुसा, कारण एकाचा द्रव अल्कधर्मी असतो आणि दुसऱ्याचा आम्लधर्मी. नंतर साध्या पाण्याच्या ओल्या काडीने, मग कोरडं. स्प्रिंग बारीक पॉलिश पेपरने घासली की परत चमकते.

पंधरा-वीस वर्षं बंद असलेला सेट एकदम लाइटला लावू नका. कोणत्याही इलेक्ट्रिशियनकडे सिरीज बोर्ड असतो, म्हणजे वायरच्या मध्ये बल्ब जोडलेला बोर्ड. त्यात ६० वॉटचा जुना तारेवाला बल्ब लावा, एलईडी चालत नाही इथे, आणि त्या बोर्डातून सेट सुरू करा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर बरं आहे, भरभक्कम पेटलेलाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच काढा. माझ्या दृष्टीने जुन्या सामानाच्या शौकिनाने घरात ठेवायची पहिली वस्तू हीच. आणि सेलवर सेट छान वाजतो पण लाइटवर भुंग्यासारखा घूं आवाज येतो, असं असलं तर पॉवर सप्लायचे मोठे कंडेन्सर सुकले आहेत. ते बदलायला फार पैसे लागत नाही, फक्त व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त घ्या आणि प्लस-मायनस उलटं लावू नका. सोल्डरिंग येत नसलं तर हे काम मेकॅनिककडूनच करून घ्या, कारण मागच्या स्विचजवळ आणि ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूला पूर्ण २३० व्होल्ट असतात.

आता मोबाइल. फिलिप्सने कॅसेट आणली १९६३ मध्ये आणि रेडिओ-टेप एकत्र असलेला सेट १९६६ मध्ये, म्हणजे टू-इन-वन हा प्रकार साठ वर्षांचा झाला. ज्या काळात हे सेट बनले तेव्हा लोक त्याला रेकॉर्ड प्लेअर जोडायचे, टीव्ही जोडायचे, दुसरा टेप जोडून कॅसेट उतरवायचे. म्हणून बहुतेक सेटला बाहेरचा आवाज आत घ्यायचं एखादं तरी दार बनवणाऱ्यानेच ठेवलेलं आहे. आपल्याला ते दार शोधायचं आहे, बस.

सगळ्यात सोपं दार म्हणजे मागची लाल-पांढरी गोल सॉकेटं, त्यावर लाइन इन किंवा ऑक्स लिहिलेलं असते. दुकानात जाऊन मागायचं की एका बाजूला ३.५ एमएमची स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या बाजूला लाल-पांढरी पिन असलेली वायर द्या. पिवळी पिनवाली व्हिडिओची वायर घेऊ नका. लाल म्हणजे उजवा, पांढरा म्हणजे डावा. वरचा फंक्शन स्विच लाइन इनवर करा, सेटचा व्हॉल्यूम खाली ठेवा, मोबाइलचा अर्ध्याच्या थोडा वर, आणि गाणं लावून हळूहळू सेटचा आवाज वाढवा. लाइन इनला साधारण ०.३ व्होल्टचा सिग्नल अपेक्षित असतो आणि मोबाइल पूर्ण व्हॉल्यूमवर त्याच्या दुप्पट-तिप्पट देऊ शकते, म्हणून ढोलकी वाजली की आवाज फाटत असेल तर मोबाइल कमी करा, सेट वाढवा. उलट मागे सूं सूं जास्त येत असेल तर मोबाइल वाढवा, सेट कमी करा. एकदा जागा सापडली की मोबाइल तिथेच ठेवायचा आणि आवाज सेटच्या बटणानेच कमी-जास्त करायचा.

सॉकेटवर फोनो लिहिलेलं असलं तर थांबा. ते रेकॉर्ड प्लेअरच्या सुईसाठी आहे, तिथे नुसते काही मिलिव्होल्ट यायला पायजे आणि आतलं सर्किट बास मुद्दाम वाढवते, कारण रेकॉर्डवर बास दाबून कोरलेला असतो. मोबाइल तिथे लावला की सगळं घुमते आणि फाटते. काही सेटवर त्याच सॉकेटच्या बाजूला फोनो/लाइन असा बारीक स्विच असतो, तो लाइनकडे सरकवला की काम झालं. तो स्विच काळ्या पॅनलवर काळाच असतो, टॉर्च लावून बघा.

फिलिप्स आणि युरोपातल्या बऱ्याच सेटला लाल-पांढरी सॉकेटं नसतात, एकच गोल सॉकेट असते पाच भोकांचं, अर्धगोलात मांडलेली भोकं. त्याला डिन म्हणतात. मधलं २ नंबरचं भोक अर्थ, त्याच्या एका बाजूला १ आणि ४ हे आत जाणारे, दुसऱ्या बाजूला ३ आणि ५ हे बाहेर येणारे. नंबर सॉकेटवर किंवा पिनेवर अगदी बारीक छापलेले असतात, भिंग लागते. मोबाइल जोडायचा १ आणि ४ ला, पण सरळ नाही, कारण हे इनपुटसुद्धा फार नाजूक असते, प्रत्येक वायरमध्ये ४७० किलो ओमचा रेझिस्टन्स टाकायचा. पाच पिनी डिन प्लग आणि दोन रेझिस्टन्स, एवढंच सामान आहे, प्लगच्या आतच बसते. तयार मिळणाऱ्या डिनच्या वायरमध्ये कोणती पिन कुठे गेली ते मीटरने तपासल्याशिवाय लावू नका, बऱ्याच वायरी टेपचा आवाज बाहेर काढायच्या असतात आणि त्या ३-५ ला जोडलेल्या असतात, मग लोक म्हणतात सेट खराब आहे.

बऱ्याच साध्या सेटमध्ये आणखी एक भानगड असते. इनपुट जोडलं तरी स्पीकरमधून काहीच येत नाही, कारण बाहेरचा आवाज फक्त रेकॉर्डिंग सुरू असतानाच ऐकू येतो. अशा वेळी एक फालतू कोरी कॅसेट टाका, आधी पॉज दाबा, मग रेकॉर्ड आणि प्ले एकत्र दाबा. फीत फिरत नाही, फीत ज्याला टेकून वाजते त्या हेडसमोर आलेला तेवढा तुकडा सोडून काही पुसलं जात नाही आणि मोबाइलचं गाणं स्पीकरवर येते. पण चुकूनही आजोबांच्या आवाजाची नाहीतर लग्नाची कॅसेट टाकून हे करू नका. या पद्धतीत रेकॉर्डिंगचं ऑटोमॅटिक लेव्हल चालू असते, म्हणून हळू जागा वर उसळते आणि जोराची जागा दबते. बातम्या, कीर्तन चालून जाते, गाण्यासाठी मला तरी पटत नाही.

माइकच्या भोकात मोबाइल लावायचा मोह सगळ्यांना होतो कारण पिन बसते. पिन बसली म्हणजे जागा बरोबर आहे असं नाही. माइक काही मिलिव्होल्ट देतो, मोबाइल शेकडो. दुसरं काही दारच नसलं तर मध्ये १०० किलो ओम सिरीजमध्ये आणि १ किलो ओम अर्थला असं दोन रेझिस्टन्सचं जोड लावा, सिग्नल शंभरपट खाली येते. आणि ते भोक मोनो असलं तर आणखी एक गोष्ट आहे. मोबाइलची स्टिरिओ पिन मोनो भोकात घातली की उजवी बाजू सरळ अर्थला टेकते, नुसती डावी बाजू वाजते. बासरी किंवा कोरस उजव्या बाजूला असलं की गाण्यातून ते गायबच होते, आणि ऐकणाऱ्याला समजत नाही की काय चुकून राहिलं. तिथे डाव्या आणि उजव्या वायरमध्ये प्रत्येकी १ किलो ओम टाकून मग दोन्ही एकत्र करायच्या. नुसत्या पिळून एकत्र केल्या तर मोबाइलच्या दोन्ही बाजू एकमेकांवर भांडतात.

ज्यांच्या मोबाइलला हेडफोनचं भोकच नाही त्यांनी टाइप-सी ते ३.५ एमएमचा अडॅप्टर घ्यायचा, पण आत डॅक चिप, म्हणजे डिजिटल आवाजाचा तारेतला सिग्नल करणारी चिप, असलेला घ्या. अगदी स्वस्तातला नुसत्या तारांचा अडॅप्टर काही फोनवर चालते, बऱ्याच फोनवर चालतच नाही.

आता सेटला एकही दार नाही, असंही असते. मग कॅसेट अडॅप्टर, म्हणजे कॅसेटच्या आकाराचा डबा, त्यातून वायर निघते. त्यात एक छोटं हेड असते ते सेटच्या हेडला चिकटते आणि चुंबकाने आवाज पोचवते. काम छान करते, फक्त दोन अडचणी येतात. एक तर वायरमुळे डेकचं झाकण पूर्ण लागत नाही, ते जबरदस्तीने दाबू नका, थोडं उघडं राहू द्या. दुसरं, ज्या सेटला ऑटो-स्टॉप आहे तो, मोटरवरून चाकं फिरवणारा आतला रबरी बेल्ट ढिला असला की दोन सेकंदात खटकन बंद होते आणि लोक अडॅप्टर बदलत बसतात. बेल्ट बदला, अडॅप्टर बरोबरच आहे.

एफएम ट्रान्समीटरही चालतो, मोबाइलचं गाणं रेडिओवर सोडणारा, गाडीत लावायचा असतो तोच. नागपुरात ९३.५, ९४.३, ९८.३, १००.६ अशी स्टेशनं दाबून येतात, त्यांच्या जवळपास लावलं तर तुमचं गाणं आणि त्यांची जाहिरात एकमेकांत मिसळते. रात्री डायल फिरवून कुठे नुसती खरखर आहे ती जागा शोधा आणि तिथे लावा. मघाशी जपानी पट्टीचं सांगितलं ना, ७६ ते ९०, तिच्यावर आपली ही स्टेशनं येतच नाहीत पण ८८ ते ९० एवढी जागा दोघांत सामाईक आहे, तिथे ट्रान्समीटर मस्त बसते. आवाज मात्र लाइन इनसारखा साफ नाही येत, आणि हा मी शेवटचा उपाय धरतो.

माझा भासा एकदा विचारत होता, मामा, याला ब्लूटूथ काहून नाही लावत? लावायचं ना, पण बाहेरून. छोटा ब्लूटूथ रिसीव्हर मिळते, आत स्वतःची बॅटरी असलेला, त्याची ३.५ एमएमची वायर लाइन इनला. सेटच्या मागे डबल टेपने चिकटवला की दिसतही नाही आणि उद्या काढला तर सेट होता तसाच. आत बोर्ड सोल्डर करून देणारे बरेच आहेत, आणि याच कामात माझं एकदा नुकसान झालं. माझ्या मामाचा सेट मी एका दुकानात दिला होता, त्यांनी आत ब्लूटूथचा बोर्ड टाकला, त्याला करंट सेटच्याच सप्लायमधून दिला आणि यूएसबीसाठी समोरच्या पॅनलला चौकोनी भोक पाडलं. घरी आणून लावला तर गाण्याच्या मागे सतत डासासारखी बारीक चीं चीं, गाणं बदललं की तिचा सूर बदलते. सप्लाय एकच आणि अर्थ एकच असला की बोर्डाची सगळी कटकट ॲम्प्लिफायरमध्ये येते. मी बोर्ड काढून टाकला, आवाज परत साफ झाला, पण ते भोक आजही आहे. लाल-पांढरी (आरसीए) सॉकेटं असलेला सेट होता हो, दहा मिनिटांची वायर लावायची होती. तेव्हापासून मी कोणाचाही सेट कापू देत नाही.

वायरने जोडलं आणि मोबाइल चार्जिंगला लावला की घूं किंवा चीं सुरू झाली, हेही त्याच जातीचं दुखणं आहे. चार्जर काढा, गेलं तर चार्जरमुळेच होतं. चार्जिंग करतच ऐकायचं असेल तर पॉवर बँकवर करा, नाहीतर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी वायरच्या मध्ये टाका, त्यात दोन बारके ट्रान्सफॉर्मर असतात.

मोबाइल वाजला, आता कॅसेटचं बघू, कारण नुसतं मोबाइल वाजवायला कोणी मामाचा सेट नाही ठेवत. माझ्याकडे दीक्षाभूमीच्या स्टॉलवरून दरवर्षी घेतलेल्या भीमगीतांच्या कॅसेट आहेत, आईच्या तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांच्या आहेत, त्या वाजवायला डेक चालला पायजे.

डेक चालत नाही याचं दहापैकी आठ वेळा मला दिसलेलं कारण बेल्ट. मामाचा सेट पहिल्यांदा उघडला तेव्हा मी बेल्ट शोधत होतो आणि बेल्ट नव्हताच. फ्लायव्हीलवर, म्हणजे बेल्टने फिरणाऱ्या जड चाकावर, काळं डांबरासारखं काहीतरी होतं, बोट लावलं तर चिकटलं, ओढलं तर तार निघाली, साबणाने दोनदा हात धुऊनही नखाच्या कडेला तीन दिवस राहिलं. तोच बेल्ट, विरघळलेला. काही प्रकारचे बेल्ट वयाने असे पाघळतात आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात माळ्यावर पडलेल्या सेटचं तर विचारूच नका. हे साफ करताना हातमोजे घाला, खाली जुना पेपर टाका, आइसक्रीमच्या काडीने आधी खरवडून काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुली आणि फ्लायव्हील पुसा, कापूस पांढरा निघेपर्यंत. पुलीच्या खाचेत थोडं जरी राहिलं तरी नवा बेल्ट तिथे उड्या मारते. अल्कोहोल मोबाइल रिपेअरिंगच्या सामानाच्या दुकानात मिळते, ९९ टक्केवालं घ्या. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिकच्या जवळ नेऊ नका.

खोलण्याच्या आधी प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा, बेल्ट कुठून कुठे जातो हे पंधरा मिनिटांनी आठवत नाही. नवा बेल्ट मागायला जुना नेण्यात अर्थ नाही, तो ताणलेला किंवा विरघळलेला असतो. शिलाईचा दोरा पुलीवरून जसा बेल्ट जाते तसा फिरवा, गाठीची जागा कापा, लांबी मोजा आणि त्याच्यापेक्षा पाच टक्के लहान घेराचा बेल्ट घ्या. मोटर ते फ्लायव्हील बहुतेक चपटा असते, काउंटर आणि रीलचा बारीक चौकोनी. रबर बँड लावून चालवू नका, आवाज लाटेसारखा खालीवर होते आणि वर्षभरात तुटून गिअरमध्ये अडकते.

बेल्ट बसला की वेग बघा. यंत्र लागत नाही, तुमच्याकडे जे गाणं कॅसेटवर आहे आणि मोबाइलवरही आहे ते दोन्हीकडे वाजवून घड्याळ लावा. पाच मिनिटांचं गाणं कॅसेटवर ४ मिनिटं ५१ सेकंदात संपलं तर डेक तीन टक्के जोरात पळून राहिला, गाणाऱ्याचा आवाजही पातळ लागेल. दोन-तीन कॅसेटवर करून बघा, कारण कधी कधी कॅसेटच चुकीच्या वेगाने भरलेली असते. बऱ्याच मोटरच्या मागे एक बारीक भोक असते, आत स्क्रू, अगदी लहान पेचकसने केसभर फिरवायचा, पुन्हा मोजायचं.

हेड आणि पिंच रोलर, म्हणजे फीत दाबून ओढणारा रबरी रोलर, दर दहा-पंधरा तास वाजवल्यावर पुसा. हेडला अल्कोहोलची काडी, आडवी फिरवायची, घासायची नाही, तपकिरी रंग निघणं बंद झालं की बस. कॅप्स्टन म्हणजे रबरी रोलरला टेकणारी स्टीलची काडी, तिच्यावर फितीची तपकिरी पूड कड्यासारखी जमते आणि त्यानेच कॅसेट खाल्ली जाते. रोलरसाठी कॅसेट न टाकता प्ले दाबा, रोलर फिरू लागेल, ओली काडी त्याच्या बाहेरच्या अंगाला हलकेच टेकवा. ज्या बाजूने रोलर आणि कॅप्स्टन एकमेकांकडे ओढतात त्या बाजूला काडी नेली की कापूस आत खेचला जाते आणि मग चिमट्याने काढत बसावं लागते. रोलरचं रबर चकचकीत काळं झालं असेल किंवा चिरा असतील तर पुसून उपयोग नाही, बदला.

आवाज दबलेला, कानात कापूस घातल्यासारखा येऊन राहिला आणि हेड साफ आहे, तर अझिमुथ, म्हणजे फितीशी असलेला हेडचा कोन, हलला आहे. हेडच्या बाजूला स्प्रिंगवर एक स्क्रू असते, प्ले चालू असताना झाकणाच्या वरून एखाद्या भोकातून दिसते. कंपनीची भरलेली चांगली कॅसेट लावा, ट्रेबल पूर्ण करा आणि पाव फेरीच्या आतच इकडे-तिकडे फिरवून झांज सगळ्यात खणखणीत कुठे ऐकू येते ते पकडा. पाव फेरीत काही फरक पडला नाही तर परत होता तिथे आणा, आजार दुसरा आहे. हेडवर चुंबकपणा चढला असेल तर डिमॅग्नेटायझर लागतो, तो सेट बंद करून वापरायचा, हेडपासून हळूहळू हातभर लांब नेऊनच बंद करायचा, जवळ असताना स्विच बंद केला तर उलट जास्त चढतो. कॅसेटचा गठ्ठा तेव्हा दुसऱ्या खोलीत ठेवा.

व्हॉल्यूम फिरवताना खरखर होत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा बटणाच्या आतल्या फटीत, मग वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. सायकलला मारतो तो तेलकट स्प्रे नको, दोन महिने बरं वाटते मग धूळ चिकटून दुप्पट खरखर. रेकॉर्डच्या लांब स्विचलाही हेच करा, एका बाजूचा आवाज येत नसेल तर निम्म्या वेळा दोष तिथेच असतो. तेल द्यायचं तर शिलाई मशीनचं, एकच थेंब, तोही कॅप्स्टनच्या बुडाच्या बेअरिंगला, सुईच्या टोकावर घेऊन. वरच्या काडीला किंवा बेल्टला तेल लागलं तर परत अल्कोहोल.

नागपुरात राहायचं म्हणजे एक वेगळं पथ्य आहे आणि ते कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या वर जाते, तेव्हा सेट माळ्यावर, टिनाच्या खोलीत किंवा पश्चिमेच्या खिडकीत नको, एवढं सगळ्यांना समजते. पण लोक मग सेट कूलरसमोर आणून ठेवतात. कूलरची हवा ओली असते, दिवसरात्र तिच्यात राहून दोन उन्हाळ्यात माझ्या एका सेटच्या हेडजवळच्या सगळ्या लोखंडी पट्ट्या गंजल्या आणि कॅसेटवर पांढरी बुरशी आली. कूलरच्या रेषेतून बाजूला, आतल्या भिंतीजवळ ठेवा. आणि कूलरचा प्लग आणि सेटचा प्लग एकाच बोर्डवर लावू नका, पंप सुरू-बंद झाला की स्पीकरमध्ये टक् येते. मीडियम वेव्हवर जी खरखर येते तीही बऱ्याचदा घरातल्या एलईडी बल्बची असते, बल्ब बंद करून बघा. माझ्या मामाने डायलच्या काचेवर ५८५ ला नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवलेला आहे, आकाशवाणी नागपूर, काळोखात काटा नेता यावा म्हणून. काच पुसताना मी तो ठिपका सोडून पुसतो.

पावसाळ्यात बुरशी आलेली कॅसेट डेकमध्ये टाकू नका, ती हेडवरून पुढच्या चांगल्या कॅसेटला लागते. आधी मोकळ्या हवेत दोन-तीन दिवस सुकवा, मग पेन्सिलने हाताने फिरवत फीत मऊ कोरड्या कापडाच्या घडीतून नेऊन पुसा, वेळ लागते. कॅसेट उभ्या ठेवा, पूर्ण गुंडाळून ठेवा, डब्यात बुटाच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी टाका. ज्या कॅसेटमध्ये घरच्यांचा आवाज आहे तिच्या मागच्या दोन्ही पट्ट्या आजच तोडून टाका म्हणजे कोणी चुकून रेकॉर्ड दाबलं तरी काही होणार नाही, आणि डेक साफ झाल्यावर लाइन आउटमधून लॅपटॉपवर आधी तीच उतरवून घ्या.

सेट वापरात नसला तरी पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास वाजवा, कॅसेटसुद्धा, नुसता रेडिओ नाही, म्हणजे बेल्ट एकाच जागी वाकून बसणार नाही. सेल काढून ठेवा. आणि बंद करताना सेटचा चालू-बंद स्विच किंवा बोर्डाचं बटण बंद करून तसेच जाऊ नका, आधी स्टॉप दाबा. प्ले दाबलेलं राहिलं की रोलर कॅप्स्टनवर दाबून बसते, दोन महिन्यांनी रबरावर खड्डा पडलेला असते आणि मग प्रत्येक गाण्यात ठराविक अंतराने एक हुंदका येत राहते, तो रोलर बदलेपर्यंत जात नाही.